रेन जॅकेट दर आषाढात गळायला लागतं, धुवून स्प्रे मारूनही – माझ्या केसमध्ये काय निघालं

माझा प्रॉब्लेम आधी सांगतो, कारण तो सलग तीन पावसाळे सेम टू सेम झालाय. मे संपता संपता जॅकेट कपाटातून काढायचं, धुवायचं, वॉटर रिपेलंट स्प्रे मारायचा, पहिले दहा-पंधरा दिवस एकदम झकास, पाणी टपाटप घरंगळून जातंय, आणि आषाढ लागला की खांदे ओले, कोपर ओले, पाठीचं तर विचारूच नका. रोज दापोली ते हर्णै स्कूटर, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, आणि सुट्टी मिळाली की रसाळगड नाहीतर सुमारगड, म्हणजे जॅकेटला आराम असा नाहीच. दुसऱ्या वर्षी वैतागून स्प्रेची अख्खी बाटली एका बैठकीत रिकामी केली. तिसऱ्या वर्षी नवीन घ्यायला निघालो होतो, पैसे पण बाजूला काढले होते, मग म्हटलं थांब, आधी नक्की कुठून गळतंय ते तरी बघू. आणि बघितलं तर ते गळतच नव्हतं.

"गळतंय" हे आपण सरसकट म्हणतो, पण ते पावसाळ्यातल्या तापासारखं आहे, साधा व्हायरल पण असू शकतो, मलेरिया पण आणि लेप्टो पण, औषध प्रत्येकाचं वेगळं. जॅकेट आतून ओलं होण्याची तीन कारणं असतात. एक, बाहेरचं कापड पाणी प्यायला लागलंय. दोन, तो तुमचाच घाम आहे. तीन, आतला पडदा किंवा शिवणीवरची टेप खरंच गेलीय. पहिल्याला धुणं आणि गरम करणं हे औषध, दुसऱ्याला औषध नाही, तिसऱ्याला धुवून काही होत नाही. मी तीन वर्षं तिन्हींवर स्प्रेच मारत बसलो.

थोडं रचनेबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या जॅकेटांमध्ये पाणी अडवणारी गोष्ट बाहेर दिसत नाही, ती आत असते, पातळ पडदा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा) लेप. गोरटेक्स या महागड्या ब्रँडचा पडदा म्हणजे ताणलेलं पीटीएफई, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच मटेरियल, १९६९ मध्ये बॉब गोर यांनी त्याची तापवलेली कांडी हळूहळू ओढायच्या ऐवजी एकदम हिसका मारून ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली, त्यातून हे निघालं. त्यातली छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे ७०० पट मोठी असं सांगतात, म्हणजे पाऊस आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. आपल्याकडे दोन-चार हजारात मिळणाऱ्या बहुतेक जॅकेटांत मात्र पीयूचा लेप असतो, कल्पना तीच. आणि बाहेरच्या कापडावर वेगळं एक केमिकल फिनिश असतं, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात, त्याचं काम एवढंच की पाण्याचा थेंब कापडावर बसू नये. ते मेलं की बाहेरचं कापड भिजतं, भिजलेल्या कापडातून वाफ बाहेर पडत नाही, वर ते थंडगार कापड अंगाला चिकटतं आणि आपण म्हणतो गळतंय. पडदा बिचारा शाबूत असतो.

तर पहिली टेस्ट अळूची. परसात अळू असेलच, त्याच्या पानावर पाणी टाकलं की कसा पाऱ्यासारखा गोळा होऊन पळतो, तसंच जॅकेटवर व्हायला पाहिजे. खांद्यावर, कोपरावर आणि जिथे सॅकचा पट्टा घासतो तिथे चमचाभर पाणी टाका आणि दोन मिनिटं थांबा, लगेच बघून खूश होऊ नका. थेंब पळाला तर डीडब्ल्यूआर जिवंत आहे. थेंब पसरून कापडावर काळपट ओला डाग पडला तर पहिलं कारण सापडलं. माझ्या जॅकेटच्या छातीवर थेंब पळत होता, खांद्यावर पसरत होता, आणि टोपीच्या मागच्या बाजूला तर टाकल्या टाकल्या गडप. टोपीचं नंतर लक्षात आलं, खोबरेल तेल! डोक्याला चोपडून वर टोपी ओढली की तेल कापडात जातं, आणि तेल लागलं की पाणी अडवणारं फिनिश काम करत नाही. सुरुवातीच्या गोरटेक्सला नेमका हाच त्रास होता, अंगातल्या तेलकटपणाने पडदा खराब होऊन पाणी आत यायचं, म्हणून नंतर त्यावर पीयूचा आणखी एक थर दिला गेला. आणि हल्ली बरीच जॅकेटं फ्लोरिनवाल्या केमिकलशिवाय येतात, कॅलिफोर्नियात २०२५ पासून तशा केमिकलच्या बहुतेक कपड्यांवर बंदीच आहे, चांगलंच आहे ते, पण हे नवीन फिनिश पाणी झटकतं, तेल नाही झटकत. म्हणजे नवीन जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. लोक उलटं करतात, महागाचं आहे म्हणून धुतच नाहीत.

दुसरी टेस्ट बाहीची. जॅकेट उलटं करायचं, बाही मनगटाशी घट्ट बांधायची, आत तांब्याभर पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं धरून ठेवायचं. लक्षात घ्या, आत ओतायचं म्हणजे जी बाजू पावसात बाहेर असते ती आता पाण्याकडे आली पाहिजे. मी पडवीत हे करत उभा होतो, बाही म्हणजे म्हशीच्या आचळासारखी फुगून लोंबकळतेय, तेवढ्यात शेजारचे तात्या आले. "काय रे, दूध काढतोयस की काय?" म्हटलं, "नाही तात्या, गळतंय का बघतोय." त्यांनी वाकून खालून बोट फिरवलं, बोट कोरडं. "कुठे गळतंय? हे तर माझ्या पन्हळीपेक्षा बरं आहे." दुसरी बाही घेतली, ती पण कोरडी. खांद्याच्या शिवणीवर असंच पाणी साठवून बघितलं, तिथे टेपच्या कडेला दोन बारीक थेंब आले, बस. तेवढ्याने पाठ चिंब होत नाही.

मग पाठ का ओली? तर घाम. हे पचायला मला सगळ्यात जड गेलं, कारण जॅकेटच्या टॅगवर मोठ्या अक्षरात ब्रीदेबल लिहिलेलं असतं आणि आपण पैसे त्याचेच दिलेले असतात. पण ही वाफ बाहेर जाते ती आत-बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकाने, कोणी पंप लावलेला नाही. ढोबळ हिशोब करू. अंगाजवळ ३३ अंशाची घामाने भरलेली हवा, तिचा बाष्पदाब साधारण ५० हेक्टोपास्कल. युरोपातल्या डोंगरात बाहेर ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तिथे बाहेर ७, म्हणजे फरक ४३. आपल्याकडे जुलैत २७ अंश आणि ९५ टक्के, बाहेरच ३४, फरक उरला १६. म्हणजे तेच जॅकेट, तीच कंपनी, आणि वाफ ढकलणारा जोर एक तृतीयांशाच्या आसपास. वर चढताना माणूस तासाला अर्धा-एक लिटर घाम काढतो. तो जाणार कुठे, टी-शर्टात. त्यामुळे रसाळगडच्या चढाला जॅकेट आतून ओलं झालं तर ते जॅकेटचं पाप नाही, काखेतल्या झिपा उघडा, पुढची चेन अर्धी खाली करा, आणि आत कॉटनचा बनियन घालू नका. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, इरल्यात (शेतात पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन) घाम यायचा नाही. बरोबरच आहे, इरलं पाठीवर टेकलेलं असतं पण खालून सगळं मोकळं, वारा खेळतो. स्कूटरवर मात्र माझं मत स्पष्ट आहे, तिथे साधा प्लॅस्टिकचा पाचशे रुपयांचा सूट घाला. बसलोय एका जागी, घाम कमी, आणि समोरून पाऊस जोरात आपटतोय, त्यात चांगलं जॅकेट झिजवण्यात काही अर्थ नाही.

आता राहिलं खांद्याचं कोडं. स्प्रे मारूनही पंधरा दिवसांत डीडब्ल्यूआर मरतं कसं? दरवर्षी पंधराच दिवस का? याचं उत्तर आमच्या बाथरूममध्ये होतं. मेमधलं धुणं मी स्वतः करायचो. त्यानंतर जून मध्यावर जॅकेटला ओलं राहून राहून कुबट वास यायला लागला की ते कपड्यांच्या ढिगात जायचं आणि मशीनमध्ये पडायचं. मी आईला सहज विचारलं की अगं आई, जॅकेटला पावडर कुठली टाकतेस. "पावडर नेहमीचीच रे. पण इतका घाण वास मारत होता तुझा कोट, म्हणून ते वासाचं निळं दोन झाकणं जास्त टाकलं."

वासाचं निळं म्हणजे फॅब्रिक कंडिशनर. त्याचं कामच मुळी धाग्यावर एक मऊ थर बसवायचं, आणि तो थर पाणी ओढतो. साध्या साड्या-चादरींना ठीक आहे, पण अशा जॅकेटवर तो बसला की डीडब्ल्यूआर त्याच्याखाली गाडलं जातं. वर मी पुन्हा स्प्रे मारला तर स्प्रे कापडाला चिकटतच नाही, त्या थराला चिकटतो, आणि पुढच्या पावसात दोघं मिळून वाहून जातात. साबणाचंही तेच. साबणाचा एक हात तेल धरतो आणि दुसरा पाणी, म्हणूनच मळ निघतो, पण नीट खंगाळलं नाही तर तो पाणी धरणारा हात कापडावर तसाच राहतो. नेहमीची पावडर तर गार पाण्यात धड विरघळत पण नाही, शिवणीत आणि चेनच्या पट्टीत पांढरी साठते. आईला मी काही बोललो नाही, तिने माझ्या भल्यासाठीच दोन झाकणं जास्त टाकली होती. बाटलीवर फक्त मार्करने "कोटाला नाही" लिहून ठेवलं.

आता मी जसं धुतो ते सांगतो. मशीन नाही, बादली. मशीनमध्ये धुवायचंच असेल तर कंडिशनरचा कप काढून धुवा आणि एकदा मशीन रिकामं फिरवा, कारण त्यात जुना चिकटा असतोच, पण स्पिन मात्र लावू नका, वॉटरप्रूफ कापड पाण्याची पिशवी होऊन बसतं आणि एका बाजूला वजन जाऊन मशीन नाचायला लागतं, बऱ्याच मशीनच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट मनाई म्हणून लिहिलेलं असतं, वाचतो कोण. तर बादलीत कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. सगळ्या चेन बंद, वेल्क्रो बंद, खिसे रिकामे (माझ्या खिशातून एकदा गेल्या वर्षीच्या एसटीच्या तिकिटाचा लगदा निघाला). निकवॅक्सचं टेक वॉश किंवा तसलं लिक्विड मिळालं तर उत्तम, ऑनलाइन मिळतं, दापोलीत मी तरी दुकानात बघितलेलं नाही. नसेल तर साधं सौम्य लिक्विड, कंडिशनर मिक्स नसलेलं, अर्धं झाकण. अर्धं म्हणजे अर्धंच. ब्रश मऊ, फक्त कॉलर, मनगट आणि टोपीला. दगडावर आपटणं, पिळणं, वडी घासणं सगळं बंद. ब्लीच नाही, ड्रायक्लीन नाही.

लाल मातीचं वेगळं. जांभ्याच्या चिखलाचा डाग ओला असताना चोळलात तर तो लोखंडी लाल रंग आणखी आत जातो. आधी पूर्ण वाळू द्या, मग झटका, जुन्या टूथब्रशने झाडा, उरलेलं पाण्याने. क्लोरीनवाल्या ब्लीचने तर तो डाग पक्काच होतो. आणि समुद्राकडून आलात तर घरी आल्या आल्या जॅकेट गोड्या पाण्याखाली धरा, साबण नको, नुसतं पाणी. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे खारं झालेलं कापड कधी पूर्ण वाळतच नाही, शेकहँड केला तर हात चिकट होतो तसं लागतं ते, आणि चेनचे धातूचे रनर हिरवे पडून अडकतात. एक ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की हर्णै बंदरावर माझं रोज येणं-जाणं असतं, तेव्हा हे रोजचं काम.

खंगाळणं हा या सगळ्याचा आत्मा आहे आणि इथेच सगळे कंटाळतात. तीन पाणी तरी. मला कळायचं नाही की साबण संपला की नाही, मग एक युक्ती सापडली. शेवटचं खंगाळलेलं पाणी पारदर्शक बाटलीत अर्ध भरायचं, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वर फेस टिकून राहिला तर साबण आहे, अजून एक पाणी. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी पाच पाणी झाली तरी बाटलीत फेस होता, इतकं निळं आणि पावडर त्यात मुरलं होतं. शेवटी पागोळ्यांखाली पातेली लावून ते पाणी वापरलं. पावसाचं पाणी मऊ, क्षार नाहीत, साबणाचा चिकटा कापडावर बसत नाही. फक्त पहिल्या सरीचं घेऊ नका, कौलांवरचं शेवाळ आणि पाला घेऊन येतं.

अळूची टेस्ट आता पुन्हा. बऱ्याचदा नुसतं नीट धुवूनच थेंब परत पळायला लागतो, स्प्रेची गरजच पडत नाही. अर्धवट पळत असेल तर जॅकेट वाळल्यावर त्याला गरम करावं लागतं, कारण वापरून आणि घासून डीडब्ल्यूआरचे बारीक केस आडवे पडतात, उष्णतेने ते परत उभे राहतात असं समजा. परदेशी लेबलवर लिहिलेलं असतं ड्रायरमध्ये कमी तापमानावर वीस मिनिटं. आपल्याकडे ड्रायर कोणाकडे आहे? मग इस्त्री. सगळ्यात कमी सेटिंग, वाफ बंद, मध्ये सुती पंचा, आणि इस्त्री एका जागी थांबवायची नाही. आधी लेबल बघा, इस्त्रीवर फुली असेल तर हेअर ड्रायर हातभर लांबून. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला देऊ नका, कोळशाच्या इस्त्रीचं तापमान त्याच्या हातात नसतं, नायलॉन वितळायला क्षण लागतो. चुलीवर वाळवणं पण तसंच, माझ्या एका मित्राने दांडीवर चुलीजवळ टांगलं, ठिणगी उडाली, बाहीला हरभऱ्याएवढं भोक आणि अख्ख्या जॅकेटला धुराचा वास.

एवढं करूनही थेंब पसरत असेल तरच स्प्रे. तो धुतल्यावर ओल्या कापडावरच मारायचा, फक्त बाहेरून, दोन मिनिटांनी फडक्याने जास्तीचा टिपायचा, मग बाटलीवर लिहिलं असेल तसं वाळवणं किंवा गरम करणं. पाण्यात मिसळून धुवायचे पण मिळतात, पण आत जाळीचं अस्तर असेल तर ते अस्तरालाही पाणी झटकायला लावतात आणि अस्तराने घाम शोषायचं काम सोडून दिलं की आतून आणखीच चिपचिप.

वाळवणं हा पावसाळ्यातला खरा वैताग. जॅकेट आधी उलटं करून हँगरवर, पंख्याखाली, आतली बाजू कोरडी झाली की सुलटं. चार तास पंखा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात नाही, घाईत ठेवलं की तिसऱ्या दिवशी कुबट. बुरशीचे काळे ठिपके आले असतील तर अर्ध्या बादली पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर, अर्धा तास बुडवून, मग वरचं सगळं धुणं. वास जातो, ठिपके राहतात, ठिपक्यांनी पाणी आत येत नाही म्हणून मी त्यांच्या नादाला लागत नाही. कपाटात आम्ही जुन्या पद्धतीचा पंधरा वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो, खालच्या कोपऱ्यात, कपड्यांपासून लांब. एलईडी नको, तो तापत नाही.

आता तिसरं कारण, मेलेलं जॅकेट. माझं याच्या आधीचं असंच गेलं. दिवाळीनंतर घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकलं, वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी. जूनला उघडलं तर उलटीसारखा आंबूस वास, आतली बाजू च्युइंगगमसारखी चिकट, आणि घातलं तर काळ्या टी-शर्टवर कोंडा पडावा तसे पांढरे पापुद्रे. याला हायड्रोलिसिस म्हणतात, पीयूच्या साखळ्या दमट हवेतल्या पाण्याने तुटतात, उष्णतेने आणखी लवकर. म्हणजे आपली किनारपट्टी म्हणजे त्याला हवं ते सगळं. याच्यावर कुठलाही वॉश, कुठलाही स्प्रे चालत नाही, उगाच पैसे घालू नका. फक्त शिवणीची टेप सुटली असेल आणि बाकी पडदा चांगला असेल तर सीम सीलर मिळतो, ब्रशने लावायचा, दिवसभर वाळू द्यायचा, माझ्या खांद्याचे ते दोन थेंब त्यानेच थांबले. म्हणून आता जॅकेट ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सावलीत दोन दिवस वाऱ्यावर, मग हँगरला, मोकळं, पिशवी नाही, माळा तर नाहीच नाही.

आणि माळ्यावर ट्रेकचे बूट असतील तर ते पण आजच खाली काढा. बऱ्याच बुटांच्या तळव्याच्या मधला फेस पीयूचाच असतो, त्याला पण हाच रोग. अंगठ्याने जोरात दाबून बघा, नानकटाईसारखा भुगा पडला तर घरीच फेकून द्या. आम्ही सुमारगडहून महिपतगडकडे जात होतो, एका मित्राचा उजवा तळवा मागून उघडला, अर्ध्या तासात डावा पण, आणि बाकीचा रस्ता त्याने एकाच्या सॅकमधून निघालेल्या सुतळीने बूट बांधून काढला. तेव्हापासून माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात सुतळीची एक गुंडी असते.